चाळीस ओळींचं पाकीट

गोदामात माल आहे का, एवढंच मला पलीकडच्या सर्व्हरला विचारायचं होतं. "तयार कोडची हलकी लायब्ररी आहे, दोन ओळींत काम होतं," असं शेजारच्या टेबलावरचे जोशी म्हणाले होते. ओळी दोनच लिहिल्या. पण लायब्ररीने त्या एक्सएमएल नावाच्या खुणांच्या भाषेतल्या पाकिटात घातल्या, पाकिटावर मथळा चढवला, आणि ते सहा वेळा परत आलं. सातव्यांदा चाळीस ओळींचं उत्तर मिळालं. उलगडत गेले, तर आत एकच शब्द: नाही.

अरे, मग सरळ सांगा की! नकाराला इतकं गुंडाळायची खोड यंत्रांना कुणी लावली कोण जाणे.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, संध्याकाळी माझ्या नाटकाला येतेस ना?"

"अगं, इथे सर्व्हरचं... त्यात साहेब म्हणाले... आणि उद्या सकाळी..."

"म्हणजे नाही," ती म्हणाली.