नाकोबाची सुट्टी

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून नाकोबाने व्हिनेगरची बाटली उघडली, नाकाला लावली आणि जोरात श्वास ओढला. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, पण वास काही आला नाही. मग त्याने कॉफीचा डबा हुंगला, साबणाची वडी हुंगली आणि शेवटी इकडे तिकडे बघून स्वतःचा बूट उचलला. बूट तरी दगा देणार नाही अशी त्याला आशा होती. बुटानेही हात वर केले.

नाकोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो ज्या हॉटेलात मुख्य आचारी होता तिथल्या मंडळींनी ते त्याला बहाल केलं होतं, आणि थट्टेत कमी, धाकापोटी जास्त. मागच्या दाराने आत शिरता शिरता, अंगातला कोटही न काढता हा गृहस्थ ओरडायचा, “कोपऱ्यातल्या शेगडीवरचा कांदा लागतोय, उतरवा!” आणि कांदा खरोखर लागत असायचा. मासेवाला त्याच्यासमोर पेटी उघडताना आधी घसा खाकरायचा. अशा माणसाला हिवाळ्यात साधी सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली, आणि वासाच्या मागोमाग चवही. जिभेवर खारट, गोड यांची पुसट सावलीदेखील उरली नाही.

डॉक्टरने नाकात बॅटरी मारून पाहिलं. “येईल परत,” तो म्हणाला. “नाहीच आला तर हळूहळू सवय होईल.” हे एखाद्या सुताराला सांगितलं असतं तर ठीक होतं. वास नसलेला आचारी कसला? मालकाला कळलं तर तो हातात पुष्पगुच्छ देऊन दार दाखवील, याबद्दल नाकोबाला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून त्याने तोंडाला कुलूप लावलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

हॉटेलात त्याने एक युक्ती काढली. त्याच्या शेजारच्या ओट्यावर पाव भाजणारी बाई होती, वयाने त्याच्याच एवढी, सगळे तिला पाववाली म्हणत. नाकोबा चमचाभर रस्सा तिच्यापुढे धरून भुवया उंचावायचा. “चाखा आणि सांगा काय कमी आहे. बघू जीभ कितपत तयार झालीये.” पाववाली डोळे मिटायची, विचार करायची आणि म्हणायची, “आंबटपणा थोडा कमी वाटतो.” “शाबास!” म्हणून हा लिंबू पिळायचा. परीक्षा घेणारा कॉपी करतोय हे तिला कुठून कळणार? ती बिचारी खूश होती.

घरी तर आणखी सोपं होतं. पूर्वी घरच्या जेवणाला नाक मुरडल्याशिवाय त्याचा घास खाली उतरत नसे. भाजी दोन मिनिटं जास्त शिजली, सूपमध्ये मिरी आधी पडली, पाव शिळा आहे. बायको पडदे शिवायची. दिवसभर मशीनवर वाकून घरी यायची, स्वयंपाक करायची आणि हे ऐकून घ्यायची. आता चूक काढायची तर चव कळायला हवी. उगाच काहीतरी बोलून उघडं पडण्यापेक्षा ‘छान झालंय’ म्हणणं बरं. पहिल्यांदा तो तसं म्हणाला तेव्हा बायकोच्या हातातली पळी हवेतच राहिली. मग मात्र ती नवे नवे पदार्थ करायला लागली, आणि प्रत्येकाला हा ‘छान झालंय’ म्हणत गेला.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना हॉटेलच्या मालकाला फरश्या बदलण्याची हुक्की आली. हॉटेल बंद आणि सगळ्यांना सुट्टी. जेवणाच्या टेबलावर सहलींच्या रंगीत पत्रकांचा ढीग पडला. लेकीला प्राणी बघायचे होते. बायकोला एखादं तळं हवं होतं, काठावर बाक असलेलं, जिथे कुणी तिला ऊठ म्हणणार नाही. पण कुठे जायचं हे जणू ठरलेलंच होतं. लग्न झाल्यापासून नाकोबा एकाच जागेचं गुणगान करत आला होता: द्राक्षमळ्यांचे डोंगर, तिथल्या छोट्या खाणावळी, आणि दगडी तळघरांतली जुनी वाइन. आयुष्यात एकदा तिथे जाऊन नुसतं हुंगत बसायचंय, असं तो म्हणायचा.

“या वेळी तुमच्या मनासारखं,” बायको म्हणाली.

“छे! द्राक्षं काय, बाजारातही मिळतात,” नाकोबा म्हणाला. “जंगलात जाऊ. पोरीला प्राणी दाखवू.”

“शेजारचं कुत्रं दिसलं तर तुम्ही रस्ता बदलता.”

“ते पाळीव आहे. पाळीव प्राण्यांचा काही भरवसा नसतो.”

लेक खो खो हसली. “बाबा, पाणमांजर कुठे राहतं सांगा बघू.”

“झाडावर,” नाकोबा ठामपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने जंगल सोडलं आणि बर्फाचे डोंगर धरले. बर्फाला वास नसतो, ही त्यातली जमेची बाजू. मग समुद्र. मग वाटलं, समुद्रकाठी मासे आले, मासे आले की बायको विचारणार ताजे आहेत का. म्हणून पुन्हा जंगल. पत्रकं चाळायचा, मिटायचा, उठून खिडकी उघडायचा, लगेच लावायचा. बसल्या जागी त्याला चैन पडेना. फिरायला म्हणून बाहेर पडायचा आणि बेकरीच्या दारात उभा राहून छाती फुगवून श्वास घ्यायचा. येणारे जाणारे म्हणायचे, दम्याचा त्रास असावा. त्याला एवढंच हवं होतं की जिथे जाऊ तिथे कुणी त्याच्या नाकाकडे आशेने बघू नये. अशी जागा एकाही पत्रकात नव्हती.

शेवटी बायकोनेच सोक्षमोक्ष लावला. एका संध्याकाळी ती सहल कंपनीच्या कचेरीतून आली ती थेट ओट्यापाशी गेली, चपलाही काढल्या नाहीत. उशीर झाला होता, भाज्या चिरायच्या होत्या, आणि पोटात गोष्ट मावत नव्हती. सूप टेबलावर आलं तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

“आरक्षण करून आले,” ती म्हणाली. “एकाच खोऱ्यात सगळं आहे. तळं आहे, हरणं आहेत, पाणमांजरं आहेत, पाण्यातली. आणि वर डोंगरावर तुमचे द्राक्षमळे.”

नाकोबाने सूपमध्ये चमचा घातला. “बरं केलंस,” तो म्हणाला. तळ्याकाठी बसून राहू, वर जायलाच नको, असा हिशेब त्याने मनातल्या मनात मांडला.

“आणि ऐका तर! तिथे एका तळघरात स्पर्धा असते. डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि नुसत्या वासावरून वाइन ओळखायची. मी तुमचं नाव देऊन आले. त्या बाईला म्हटलं, बक्षीस आत्ताच बांधून ठेवा, आमच्या घरात नाकोबा आहे.”

चमचा मध्येच थांबला. तीस माणसं समोर बसलीयेत आणि आपण डोळे बांधून एकामागून एक ग्लास हुंगतोय, पाण्यासारखे, असं त्याला दिसलं. काहीतरी बोलायला हवं होतं. त्याने घाईघाईने पाच-सहा चमचे सूप प्यायलं आणि सवयीने म्हणाला, “छान झालंय. अगदी मस्त. हात बसलाय तुझा.”

लेकीने पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं होतं. “आई, यात मीठच नाहीये.”

बायकोने चाखलं. “अगं बाई! गडबडीत राहिलंच.” ती हसली, मीठ आणायला उठली, आणि अर्ध्यात थांबली. वळून तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा वाडगा निम्मा झाला होता.

“तुम्हाला कळलं नाही?”

“मीठ कमी खाल्लेलं बरं, डॉक्टर म्हणतात.”

“कोणते डॉक्टर? कशासाठी गेला होतात?”

नाकोबाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आता थाप मारायचीही ताकद राहिली नव्हती. “वास येत नाही मला,” तो म्हणाला. “चवही नाही. त्या सर्दीपासून.”

लेक हळूच आपला वाडगा घेऊन आतल्या खोलीत गेली. बायको खुर्चीवर बसली. आता ही चिडेल, रडेल, नोकरीचं विचारील, म्हणून नाकोबा अंग चोरून वाट बघत होता. पण ती टेबलाकडे बघत वेगळंच काहीतरी जुळवत होती.

“त्या सर्दीपासूनच तुम्ही छान म्हणायला लागलात,” ती म्हणाली.

नाकोबाने चमचा खाली ठेवला.

“मी ताईला फोन करून सांगितलं होतं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी जमलं बघ मला.”

नोकरीच्या भीतीने इतके दिवस त्याची झोप उडवली होती, पण हे वाक्य त्याला त्याहून खोल लागलं. त्याला तिची सगळी सूपं आठवली. शिवणाचे धागे अंगावर तसेच ठेवून, पाठ दुखत असताना तिने केलेली. ती चांगली असायची. बऱ्याचदा तर हॉटेलातल्यापेक्षा चांगली. वास येत होता तेव्हा त्याला ते कळत होतं, आणि तेव्हा त्याने एकदाही म्हटलं नव्हतं.

“आधीही छान व्हायचं,” तो म्हणाला. “मला कळायचं. मी बोललो नाही.”

“आता खरं कशावरून मानू?”

“मानू नकोस.”

तिने खुर्ची मागे सरकवली. मग उठून पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं. नाकोबाही मागोमाग गेला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. तिने मीठ घातलं, मिरी घातली, ढवळलं. उकळी फुटली, वाफ दोघांच्याही तोंडावर आली.

“उद्या मालकाला सांगा,” ती म्हणाली.

“सांगतो.”

“आणि त्या स्पर्धेत तुमच्याऐवजी माझं नाव घालते. इतकी वर्षं तुमची कुरकुर ऐकलीये. दोन-चार वाइन तर ओळखेनच.”

नाकोबाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तिने पळीत थोडं सूप घेतलं, फुंकर मारली आणि तोंडात घोळवलं. जन्मात पहिल्यांदाच नाकोबाने तिला विचारलं, “कसं झालंय?”

तिने घाई केली नाही. आणखी एक घोट घेतला.

“छान झालंय,” ती म्हणाली.