फाटक्या कोपऱ्याचे कार्ड

नागपुरातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी माझ्या संग्रहासाठी पांढुर्ण्याचे चित्र असलेले जुने पोस्टकार्ड मागितले, तेव्हा दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. "बाई, पांढुर्ण्याचं चित्र कोण कोणाले धाडन?" मात्र त्यानेच एक पत्ता दिला. पांढुर्ण्याचे वामनराव, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे साध्या, लिहिलेल्या कार्डांचा ढीग आहे म्हणे. पुण्याचे परतीचे तिकीट रद्द करून मी दुसऱ्या दिवशी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नागपूरहून इटारसीकडे जाणारी सकाळची गाडी धरावी. काटोल, नरखेड करीत ती दोनेक तासांत पांढुर्ण्याला पोचते. हिवाळ्यात जावे, म्हणजे बाजारात अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळी पिकाची, संत्री असतात. स्थानकाबाहेर गरम आलुबोंडा मिळतो. एकच घ्यावा, असे ठरवून मी तीन खाल्ले.

वामनरावांच्या ओसरीवर तारेचे चार आकडे टांगलेले होते. पूर्वी पत्र वाचून झाले की ते अशा आकड्यात ओवून ठेवीत. सर्वांत जुने तळाशी, सर्वांत नवे वर. त्यामुळे या गावाच्या लिखित इतिहासाला मधोमध भोक आहे. वाचताना त्याची सवय होते. एका कार्डात संत्र्यांच्या पेट्या रवाना झाल्याची वर्दी होती. दुसऱ्यात वरपित्याने कळवले होते, "मुलगी सर्वांस पसंत आहे. मुलास विचारावयाचे राहिले आहे." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावे एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीनंतर जाम नदीपलीकडच्या सावरगावाहून आलेले एक कार्ड तर मी दोनदा वाचले : "आपल्या डोक्यास लागलेला दगड आमचा नसावा, अशी आशा आहे."

सायंकाळपर्यंत चारही आकडे वाचून झाले आणि एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. या कार्डांत कोणीही मेलेले नव्हते.

"मरन कसं कोणी," वामनराव म्हणाले. "मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडून धाडत. कोपरा दिसला का रडणं सुरू, वाचाची गरज नाही. मंग ते कार्ड फाडून फेकत, घरात ठेवत नोहते." आकडा परत टांगत ते म्हणाले, "एकच राह्यलं. सौंसरले, माह्या बहिणीकडं."

हकिकत अशी. त्यांच्या वडिलांनी सौंसरला मुलीच्या सासऱ्यांना, आपल्या व्याह्यांना, साधे कार्ड लिहिले होते : सर्व खुशाल, पोळ्याला कमलीस धाडावे. कार्ड पोचले ते कोपरा फाटलेले. व्याह्यांना अक्षरओळख नव्हती. पांढुर्ण्याचे कार्ड आणि फाटका कोपरा, म्हणजे व्याहीच गेले, असे ठरले. सारे घर रडत पांढुर्ण्याला आले, तर मयत ओसरीवर बसून भजी खात होती. सौंसरचे व्याही संतापले : मरणाचे सोंग करून पोर बोलावली! पुरावा म्हणून त्यांनी ते कार्ड पेटीत जपून ठेवले. वडिलांनीही शपथ घातली : हा आरोप मागे घेईपर्यंत आमच्या घरचे कोणी सौंसरला अन्नपाणी घेणार नाही. दोघे व्याही केव्हाच वारले. शपथ मात्र वामनराव अजून पाळतात. बहिणीकडे जातात, ओसरीवर बसतात आणि आपला डबा खातात.

"तुमाले कार्डातलं समजते," ते म्हणाले. "माह्या बापानं कोपरा नाही फाडला, इतकं दाखवून द्या. बहिणीच्या हातचं जेवाचं राहून गेलं माहं."

पांढुर्णा–सौंसर बस तासाभरात पोचवते. तिकीट किरकोळ, धक्के मुबलक. वामनरावांच्या मांडीवर डबा होता, खांद्याला पाण्याची बाटली.

कमलाबाईंनी दारातच भावाचा डबा पाहिला. "आणला का?" एवढेच म्हणून त्या आत गेल्या. त्यांचा मुलगा शरद याने पेटीतून कार्ड काढले, पण हातातून सोडेना. "मॅडम, आमचे आजोबा काही खोटं बोलणारे नोहते."

मी भिंग काढले आणि सवयीप्रमाणे क्रमाने समजावून सांगू लागले. पत्र पोचल्यावर तिथल्या टपाल कचेरीत त्यावर शिक्का मारतात. या कार्डावरील सौंसरच्या शिक्क्याचे अर्धे वर्तुळ शिल्लक होते, अर्धे फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलेले. कोपरा आधीच फाटलेला असता, तर शिक्क्याची शाई फाटलेल्या कडेच्या तंतूंनाही लागली असती. ते तंतू कोरे होते. "म्हणजे आधी शिक्का, मग फाटणे. कोपरा पांढुर्ण्याला फाटलेला नाही. तो सौंसरला पोचल्यावर फाटला."

वामनरावांनी डोळे मिटले. शरद हळूच म्हणाला, "म्हंजे आमच्याच घरी?"

आणि तेव्हा मला, उशिराच, कळले की मी कोणाच्या ओसरीवर हे सिद्ध करून बसले आहे.

"म्याच फाडला," कमलाबाई दारातून म्हणाल्या. हातात पळी होती. "पोष्टमननं माह्याच हाती देलं. वाचलं. मामंजी आधीच म्हणत होते, वावरातलं निंदण सोडून माहेरी जाचं नाही. मंग काय करू? सर्वात मोठ्यानं मीच रडली."

"बाबाले तरी सांगाचं होतं!" वामनराव म्हणाले.

"सांगतलं ना. त्याच दिवशी, न्हाणीपाशी. बाबा पोट धरून हासले. म्हणे, चूप राह्य. माही बदनामी झाली तं झाली, तुले सासरी जाच नको. शपथबी त्यायनं त्याच्यासाठीच घातली, लोकायले खरं वाटावं म्हणून."

"अन् मी आजवर डबा घेऊन येऊन राहिलो?"

"आधी मामंजी होते, मंग हे होते. ते गेल्यावर लाज आडवी आली." पळी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "अन् त्या डब्याचं काय सांगतं वामन. तुह्या बायकोले अजूनबी फोडणी जमत नाही."

शरद इतका हसला की त्याला बसावे लागले. वामनराव हसले नाहीत. ते उठले, हातपाय धुऊन आत पाटावर जाऊन बसले.

"वाढ. पण इतक्या वर्सांचं एकाच ताटात नको वाढू."

पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, ठेचा. रस्सा जाळ होता. वामनरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि त्याचे श्रेय त्यांनी तिखटालाच दिले. सौंसरला गेलात तर पाटवडी अवश्य खावी. हॉटेलातली चांगली असते, घरची पचवायला धैर्य लागते.

संग्रहासाठी मी ते कार्ड मागितले. कमलाबाईंनी दिले नाही, छायाचित्रही छापू दिले नाही. म्हणून या लेखात ते नाही.

आता पुण्यात टिपणे लावते आहे. माझ्या वहीत प्रत्येक कार्डाची नोंद असते : पाठवणारा, घेणारा, मजकूर, आणि शेवटच्या रकान्यात हानीचे कारण. तिथे सहसा वाळवी, ओल किंवा उंदीर येतात. या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबले. अखेर लिहिले : पोळा.