गुलालाची काच

मौला ड्रायव्हरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चहाच्या आधी काच. ट्रकची पुढची काच ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसायची, मग लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची. मी गुळाच्या पेठेत हमाल. त्याच्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षं गुळाचे रवे, मोठाल्या ढेपा, चढवले. काच न पुसता तो निघालेला मला आठवत नाही.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमारास ट्रकच्या मालकाने दुसरा ट्रक घेतला आणि उचगावचा कृष्णात मौलाकडे शिकायला आला. पोरगं कष्टाळू. एकटा असला की गाडी नीट चालवायचा. शेजारी दोस्त बसले की पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उठायचा नाही.

मालकाने विचारलं, "झालं का तयार?"

मौला म्हणाला, "हात झालाय. डोकं अजून न्हाय."

मालकाला हात पुरेसा वाटला. त्याने मौलाला दुसऱ्या ट्रकची चावी कृष्णातला द्यायला लावली.

पुढच्या चैत्रात दोन्ही ट्रक उचगावची माणसं घेऊन जोतिबाच्या यात्रेला गेले. मी मौलाच्या गाडीवर होतो. परतायच्या वेळी कृष्णातच्या केबिनमध्ये दोस्त दाटीने बसलेले, दोघं बाहेर फूटबोर्डवर लोंबकळलेले. कृष्णात आदल्या रात्री झोपलेला नव्हता. काचेवर गुलालाचा थर होता, मधे तळहाताएवढी जागा मोकळी.

मौला पाण्याचा डबा आणि फडकं घेऊन गेला. "काच पूस. पोरं खाली उतरव. आन् जरा झोप."

"देवाचा गुलाल हाय, वस्ताद. घरला जाईपतूर पुसत न्हाईत."

केबिनमधून दोस्तांपैकी बाळासो ओरडला, "वस्तादांच्या चालीनं गेलो तर फुडच्या यात्रंलाच पोचू की!" पोरं खिदळली.

कृष्णातची आई तानाबाई मागे हौद्यात बसली होती. ती म्हणाली, "पूस की रं. डोळं झाकून घरला जा म्हणून देवानं सांगितलंय व्हय?"

कृष्णातने दार उघडलं. एक पाय खाली टाकला.

"जा, आईचं ऐक जा!" बाळासो म्हणाला.

कृष्णातने पाय वर घेतला.

तानाबाई मात्र उतरली. तिच्या मागोमाग हौद्यातली सगळी माणसं आमच्या ट्रकमध्ये आली. त्यांना चढवेपर्यंत कृष्णातची गाडी सुटली होती.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, ही खोड मौलाची नव्हे. ती कृष्णातला दोस्तांनी लावलेली, आणि त्या उतारावरही त्याने तेच केलं होतं. वळणावर मावळतीचं ऊन समोर आलं असणार. तसल्या गुलाबी काचेतून रस्ता कुठला दिसतोय! आम्ही पोचलो तेव्हा ट्रक चरीत आडवा पडला होता. फूटबोर्डवरच्यांनी उड्या मारल्या होत्या, बाकीचे खरचटून निघाले. कृष्णातचा पाय केबिनखाली अडकला होता. मौलाने जॅक लावला. मी दगड सरकवत गेलो. तानाबाई लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढे एकदा रवे चढवताना मी मौलाला म्हणालो, "तू मालकाला न्हाई म्हणालावतास."

"चावी माझ्याच हातनं दिली की." त्याने दोरी आवळली. मग म्हणाला, "गेर शिकवलं, ब्रेक शिकवला. शेजारी हसणारं बसलं तर काय करायचं, ते न्हाई शिकवलं."

स्वतःचा एक जुना ट्रक घ्यायचा म्हणून मौला आणि त्याची बायको सुलतानबी कैक वर्षं पैसे बाजूला टाकत आली होती. मौला थकेपर्यंत मालकाचाच ट्रक चालवत राहिला. त्या साठवलेल्या पैशांतून कृष्णातला नकली पाय बसला.