भाड्याची गाडी आणि मिस्टरांचं टाइमटेबल

मैत्रिणींनो, न्यूझीलंडला येताना गाईडवाली टूर घ्यायची की भाड्याची गाडी, यावर आमच्या घरी महिनाभर वाद झाला. शेवटी मीच म्हणाले, "गाडीच घेऊ, कुणाची घाई नको."

पण गाडी चालवणार कोण? लातूरला पंचवीस वर्षं फिजिक्सची शिकवणी घेणारे माझे मिस्टर!

पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीत समोर टाइमटेबल चिकटवलं. धबधबा वीस मिनिटं, चहा दहा मिनिटं. वर संध्याकाळी विचारणार, "आज काय काय पाहिलं, सांग बरं?"

आज दुपारी तळ्यात जरा पाय सोडून बसले, तर हे घड्याळ दाखवत उभे. "चल, झाला टॉपिक."

शेजारीच टूरची बस थांबलेली. तिची माणसं निवांत आइस्क्रीम खात होती. गाईड तर गवतात घोरत पडला होता!

लई डोकं फिरलं माझं. सरळ गाईडला उठवलं. बस आमच्याच मुक्कामाच्या गावी निघाली होती, अन् अर्धी रिकामी होती.

ही पोस्ट मी त्याच बसमधून लिहून राहिले. मागून आमची गाडी येऊन राहिली, अगदी वेळेवर.

सांगा, चुकलं का माझं? चुकलं असंल तर असू द्या. आज सरांच्या वर्गात मी गैरहजर.