दाऊदभाईंची कापलेली किटली

साहेबाने दाऊदभाईंना फसवलं. साहेब म्हणजे कुवेतमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यातला त्यांचा इंग्रज वरिष्ठ. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, तिथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस. कुवेत शहरातल्या शर्क भागातल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात आले की कल्हईला आलेली किटली उचलून आधी आत डोकावायचे.

"शेट, हिच्या पोटात बघा कसा खडू बसलाय."

तोच क्षार कारखान्याच्या नळ्या बुजवायचा. तो बसू नये म्हणून तीन वर्षं खपून त्यांनी उपाय शोधला. इंजिनिअरांच्या परिषदेत तो मांडायला साहेबाने त्यांना वीस मिनिटं कबूल केली.

तालीम माझ्यापुढे. पहिल्याच दिवशी त्यांनी आकड्यांनी सुरुवात केली. मी खेकसलो, "भाव आधी सांगितलात तर माल कोण बघेल? वस्तू हातात द्या."

मग त्यांनी माझ्याकडची जुनी किटली मधोमध कापून घेतली. ती लोकांत फिरवायची, कोणीतरी नखाने खरवडेपर्यंत गप्प राहायचं, आणि मग म्हणायचं, "ही एक किटली. आता अशा हजार नळ्या डोळ्यांपुढे आणा." पुढचं ऐकण्यासाठी मी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवायचो.

"लोकांना तहान लागू दे शेट," ते म्हणायचे, "पाणी मग."

साहेबाला नमुना दाखवा, हे मीच सुचवलं. धंद्यात मी नमुन्याला एकच भांडं दाखवतो. दाऊदभाईंनी पुरती वीस मिनिटं करून दाखवली, कागद दिले, किटलीही दिली.

परिषदेत मी मागे उभा होतो. मंचावर साहेब, दाऊदभाई कडेला स्लाइडचं यंत्र चालवत होते. साहेबाने किटली फिरवली, तसाच थांबला, तेच वाक्य इंग्रजीत बोलला. पेंगणारे सावरून बसले. दाऊदभाईंचं नाव कुठेच आलं नाही. टाळ्या पडल्या, त्यांनीही वाजवल्या.

बाहेर मी त्यांना धरलं. "तोंड शिवलं होतं का?"

"काय बोलू ओ? नोकरी त्याच्या हातात." मग हळूच, "पण कोण झोपला नाय, बघितलंत?"

त्यानंतर ते माझ्या दुकानातल्या एकाही किटलीत डोकावले नाहीत. वर्षभरात गावी परतले आणि तिथेच वारले. त्या वीस मिनिटांना लोकांपुढे त्यांचा आवाज कधी लाभलाच नाही.

किटली परत मागायला मी साहेबाकडे दोनदा गेलो. टेबलावर तिच्यात पेन्सिली ठेवल्या होत्या. "राहू दे, माझी आठवण आहे," म्हणाला.

कोणाची आठवण, एवढं त्याने माझ्या तोंडावर सांगावं.