गौर आणताना बोलायचं नाही

माझ्या मोठ्या जाऊबाई, सुमेधावहिनी, यांना घेऊन कुठे वेळेवर पोचणं म्हणजे शीळफाट्याची वाहनकोंडी एका दमात पार होण्याइतकंच अवघड. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर विचारूच नका. कोथिंबीर आणायला निघतील आणि वाटेतल्या सोनमोहराला शेंगा धरल्यात का ते बघत उभ्या राहतील. मला अशी संथ माणसं सोसत नाहीत. मधूनच हातातला घास थांबवून त्या म्हणतात, "काहीतरी बरोबर नाही." मग घरात सगळे हसतात, मीही हसते.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. अर्धी डोंबिवली हल्ली सोसायटीच्या नळाखाली खडे धुऊन गौर आणते, पण कल्याणला आमच्या सासूबाईंना वाहतं पाणीच लागतं. म्हणून दर भाद्रपदात आम्ही उल्हास नदीवर जातो, रायते गावाच्या पुढे एका उथळ काठाशी. घरच्या मुलीने खडे वेचायचे, आणि पहिला खडा हातात आला की उंबऱ्यापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. बोललं की गौर माघारी फिरते.

वहिनी नव्या नवरी असताना परतीच्या वाटेवर "तो बघा भारद्वाज" असं बोलून गेल्या होत्या. त्या दिवाळीच्या आधी सासरे गेले. तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. पण सासूबाई तेव्हापासून दर वर्षी निघताना बजावतात, "सुमेधा, जिभेला कुलूप." वहिनी मान डोलावतात.

यंदा मान माझ्या श्रियाचा होता. नऊ वर्षांची पोर, आणि नियमांची माझ्यापेक्षा पक्की. राहुकाळ लागायच्या आत घर गाठायचं होतं. आकाश स्वच्छ, ऊन चटचटीत. घोट्याएवढ्या पाण्यातून श्रिया मधल्या गोट्यांच्या पट्ट्यावर गेली, पहिला खडा उचलून तिने मला दाखवला, आणि आम्ही तिघी मुक्या झालो.

वहिनी अर्थातच नदी बघत राहिल्या. मी घड्याळ बघत राहिले.

पलीकडच्या काठावरून एक टिटवी उठली आणि ओरडत घिरट्या घालू लागली. बसेचना. मी तिकडे लक्ष दिलं नसतं, पण वहिनींचा चेहरा उतरलेला दिसला. त्या पाण्याकडे टक लावून बघत होत्या. मघाशी तळ दिसत होता त्या पाण्यातून आता सुकी पानं, काटक्या आणि फेस येत होता. थोडासाच. वहिनींनी श्रियाला हाताने बोलावलं. श्रियाने ओठांवर बोट ठेवून काकूला दटावलं आणि पुढच्या खड्यासाठी वाकली.

वहिनींनी माझं मनगट धरलं. त्यांचे ओठ उघडत होते, मिटत होते. काय विचारतायत ते मला कळलं, आणि मी नकारार्थी मान हलवली. सासूबाईंचं वय झालेलं, त्यात हृदयाचं दुखणं. वर्षभरात त्यांना काही झालं असतं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं असतं ते मला ठाऊक होतं. चार काटक्यांसाठी एवढं?

त्यांनी माझं मनगट सोडलं.

"श्रिया, टाक ते खडे! बाहेर ये!"

श्रिया जागच्या जागी थिजली. "काकू, तू बोललीस," म्हणाली आणि रडायलाच लागली. गौर बाटवली म्हणून रडत होती, आणि पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. वहिनी साडीसकट आत शिरल्या. त्यांनी तिचा दंड धरला तेव्हा पाणी तिच्या कमरेला होतं. पाय सरकून दोघी एकदा खाली बसल्या. माझा जीव तिथेच गेला. मी कशी आत गेले, कुणाचा हात धरून ओढला, मला सांगता येणार नाही.

वर बाभळीपाशी पोचून मागे बघितलं तर गोट्यांचा पट्टा नव्हताच. गढूळ लोंढा चालला होता आणि त्यात एक अख्खी फांदी गडगडत होती. वर घाटाकडे कुठेतरी पाऊस कोसळला असणार.

"तुम्हाला कळलं कसं, वहिनी?"

"कळलं कुठे गं? काहीतरी बरोबर नाही, एवढंच वाटलं. पाणी आलं नसतं तर घरी काय सांगितलं असतं, तेच ओरडताना मनात होतं."

दारात सासूबाई गौर आणणारीचे पाय धुवायला दूध-पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. आम्हा तिघींचा अवतार बघून त्यांनी विचारलं, "खडे कुठेत?"

"सुटले हातातून," श्रिया म्हणाली.

"कोण बोललं?"

"मी बोलले, आई," वहिनी म्हणाल्या. मग मी नदीचं सगळं सांगितलं. श्रिया कुठे उभी होती, तेही.

सासूबाईंनी श्रियाचा ओला परकर कमरेपर्यंत चाचपून बघितला. भिंतीला धरून कशाबशा त्या खाली बसल्या आणि तिचे पाय धुतले. बाजूला होऊन वहिनी आत जायला निघाल्या, तर त्यांच्या पदराला हिसका बसला.

"तू कुठे चाललीस? पाय पुढे कर."

"अहो आई, भलतंच काय, तुम्ही माझे पाय…"

"आता मात्र गप्प बस," सासूबाई म्हणाल्या, आणि चिखलाने भरलेल्या त्या पावलांवर त्यांनी उरलेला तांब्या रिकामा केला.