केबिनला दक्षिण नसते

क्रेनवाला सकाळी शिडी चढायचा तो एकदम संध्याकाळीच उतरायचा. मधला सगळा वेळ तो माणसांतून उठलेला असायचा. लोखंडाच्या उंच मानेवर काचेची केबिन, तिच्यात एक खुर्ची, दोन दांडे, एक वॉकीटॉकी आणि हा. खालून सिग्नलवाला "घे" म्हणाला की उचलायचं, "सोड" म्हणाला की सोडायचं. शहर चारी बाजूंनी दिसायचं, पण त्यातल्या कशालाही हात लागायचा नाही.

घरी आई होती. तिच्या डोक्यात आजचा दिवस आणि कधीकाळचे दिवस यांचा काला झाला होता. मोठ्या बटणांच्या फोनवर पहिलं बटण दाबलं की मुलगा बोलतो, एवढं मात्र तिच्या बोटाला पक्कं ठाऊक होतं. ते बोट दिवसभर स्वस्थ बसत नसे. कुठे आहेस, जेवलास का, कधी येतोस. लोड खाली टेकला की हा उत्तर द्यायचा. दुपारपर्यंत त्याचा फोन मान टाकायचा. केबिनमधला प्लग एकदा वायर जळाल्यावर कंत्राटदाराने काढूनच टाकला होता. पॉवर बँक नेऊन पाहिली, पण आईच्या बोलण्यापुढे तिचाही टिकाव लागेना.

एकदा असाच फोन बंद लागला आणि आई त्याला शोधायला घराबाहेर पडली. सापडली ती मोठ्या रस्त्याच्या मधोमध, ट्रक थांबवून ड्रायव्हरांना मुलाचा पत्ता विचारताना. तेव्हापासून बायको कामावर निघताना दाराला बाहेरून कडी घालू लागली. कडीचं ठरवलं दोघांनी मिळून, घालायची पाळी मात्र रोज तिच्यावर यायची, कारण तोवर हा वर पोचलेला असायचा.

"कडी घालायचं पाप मी करते," ती एका सकाळी म्हणाली, "निदान फोन तरी तुम्ही चालू ठेवा. आत कोंडलेल्या बाईला पलीकडून कुणी ओ दिली नाही, तर तिने करायचं काय?"

वर दुसरं काही नसलं तरी उन्हाला तोटा नव्हता. त्याने साइटवरच्या वायरमनकडून रस्त्यावरच्या मोडक्या इशारादिव्यांची सोलर पॅनलं मागून घेतली आणि ओट्यावर सोल्डरिंगचं सामान मांडलं. फोनच्या कव्हरसारखी पहिली केस साधी होती, पाठीवर पॅनल चिकटवलेली. ती उन्हात ठेवल्यावर फोन इतका तापला की स्वतःच बंद पडला. मग त्याने पॅनल बिजागरीवर बसवलं, वहीच्या पुठ्ठ्यासारखं उघडणारं. आता पॅनल उन्हात आणि फोन त्याच्याच सावलीत. सुट्टीच्या दिवशी, दिवसभर ऊन येणाऱ्या दक्षिणेच्या खिडकीत ती केस दिवसभर ठेवली, तर फोन काठोकाठ भरला. बायकोने हात पुसून केस उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "लग्नानंतर तुम्ही पूर्ण केलेली ही पहिलीच वस्तू." आई शेजारीच बसली होती. छोटीशी खिडकी छान केलीस, म्हणाली.

वर मात्र फजिती झाली. क्रेन लोड घेऊन वळली की ऊन पॅनलवरून उतरून खुर्चीच्या पाठीवर जायचं. परत वळली की परत यायचं. दर वळणाला चार्जिंग तुटायचं, जोडलं जायचं, फोन टुंगटुंग वाजत राहायचा, आणि दुपार झाली की ठरल्याप्रमाणे मरायचा. इतकी वर्षं गोल फिरून काढली, आणि केबिनला दक्षिण नसते हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. वायरमन हसून बेजार झाला.

"भिंगरीवर बसतोस आणि सूर्याला म्हणतोस, हलू नकोस. लेका, घरात विचार करू नकोस, वर बसून कर."

त्याने वर बसून विचार केला. केसला दोन्ही बाजूंना उघडणारे दोन पंख केले, ऊन कुठूनही येवो, एकावर तरी पडेलच. पोटात एक छोटी बॅटरी घातली. पंखांनी तिला भरायचं आणि तिने फोनला, सावकाश, न तुटता. जुन्या चपलेच्या रबराने कडा मढवल्या.

ती केस चालली. संध्याकाळी उतरताना फोन सकाळइतकाच भरलेला असायचा. बायकोच्या कपाळावरची आठी गेली. आणि मग त्याला कळलं, आपण काय करून बसलोय.

पूर्वी आईचं बोलणं दुपारी तुटायचं. नंतरचं तिचं एकटीचं असायचं, त्याला ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. दुपार कलली की ती दाराशी जायची.

"दार उघड रे. कुणीतरी बाहेरून कडी घातलीय."

वारा सुटलाय, मीच लावून आलोय, रंग ओला आहे, आत्ता उघडतो. थापा संपत आल्या, ऊन संपेना. पंख मिटावेत असं एकदा मनात आलं. बोट बिजागरीपर्यंत गेलंही. मग डोळ्यांसमोर ट्रक आले, आणि हात मागे आला. ठेवला फोन तर ती परत लावायची. नाही उचलला तर वाजत राहायचा.

त्या दुपारी ती ओरडत नव्हती. हळू आवाजात विचारत होती, शेजारी कुणी निजलं असावं तशी.

"तू तरी बाहेर आहेस ना?"

खाली सळयांचा भारा हुकाला लागला होता. सिग्नलवाला "घे, घे" करत होता. क्रेनवाल्याने दांड्यावरचा हात तसाच ठेवला.

"नाही, आई. मीपण आतच आहे."

"तुझ्यापण दाराला कडी घातली?"

"हो."

"कुणी?"

पलीकडे तिच्या आवाजात कितीतरी वर्षांपूर्वीचा कणखरपणा आला.

"बरं. रडायचं नाही. आहेस तिथेच बस. मी येते उघडायला."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग दार हलू लागलं. ती दोन्ही हातांनी आतून ओढत असणार. कडी खणखणत होती, ती धापा टाकत होती, आणि मधूनमधून सांगत होती, आलेच हं.

वॉकीटॉकीवर सिग्नलवाल्याने विचारलं, झोपलास का रे बाबा वर. त्याने दांडा ओढला. भारा जमिनीवरून सुटला, डुलला, स्थिर झाला.

"ये," तो फोनकडे तोंड करून म्हणाला. "सावकाश ये."